स्फोट विझतो, पत्ता उरतो

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्यालगत वसलेल्या धायरीत मध्यरात्री एखादा मोठा आवाज झाला, तर रहिवाशांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'आवाज कुठून आला?' हाच. नऱ्ह्याच्या अंगाने आला असेल, तर एखाद्या कारखान्यात काही घडले असावे, असा तर्क होतो. मंगल कार्यालयाच्या दिशेने आला असेल, तर ते फटाके असतात. डोंगराच्या बाजूने आला असेल, तर कोणी सुरुंग उडवला असावा, असे म्हटले जाते. आवाज क्षणात विरतो. परंतु तो जेथून आला ती वस्ती सकाळीही जागेवर असते, आणि त्या वस्तीच्या स्वरूपावरून कारणाचा बराचसा उलगडा होतो.

खगोलशास्त्राची एक वेगाने वाढणारी शाखा नेमक्या याच रीतीने काम करते. विश्वात काही घटना अत्यल्प काळ टिकतात. काही एका सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतात, काही मिनिटभर, तर काही महिना-दोन महिने. त्यांना क्षणिक खगोलीय घटना म्हणतात. ज्या दीर्घिकेत अशी घटना घडते, तिला यजमान दीर्घिका असे नाव आहे. घटना विझल्यानंतर तिचा प्रत्यक्ष पुरावा झपाट्याने नाहीसा होतो. यजमान दीर्घिका मात्र कोट्यवधी वर्षे तशीच राहते. म्हणून स्फोट कशाचा होता, हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ त्याच्या घराची झडती घेतात. या कामात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजेच 'जीएमआरटी'चा, वाटा मोठा आहे. त्याच दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून एका स्फोटाबाबत शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले, ही कहाणी या शास्त्राची रीत समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे.

क्षणिक घटना कोणत्या?

सर्वाधिक परिचित घटना म्हणजे अतिनवतारा. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरील थर स्फोटासह फेकले जातात. दुसऱ्या प्रकारच्या अतिनवताऱ्यात श्वेतबटूचा, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या मृत अवशेषाचा, स्फोट होतो. गॅमा किरण स्फोट यांहून अल्पजीवी असतात. त्यांतील दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे स्फोट बहुधा महाकाय ताऱ्यांच्या मृत्यूशी जोडलेले असतात. त्याहून लहान स्फोट बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून उद्भवतात. जलद रेडिओ स्फोट तर काही मिलिसेकंदांतच आटोपतात. त्यांचा शोध २००७ मध्ये जाहीर झाला. याखेरीज कृष्णविवराच्या अतिनिकट गेलेला तारा फाटला जाणे, हाही क्षणिक घटनेचा एक प्रकार आहे.

यांपैकी बहुतेक घटनांचा पहिला इशारा अवकाशातील उपकरणे देतात किंवा आकाशाची सतत टेहळणी करणाऱ्या दुर्बिणी देतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट' या वेधशाळेवरील 'सीझेडटीआय' या उपकरणाने २०२३ अखेरपर्यंत सहाशे गॅमा किरण स्फोट टिपले होते. या उपकरणाच्या निर्मितीत आणि त्याच्या नोंदींच्या विश्लेषणात पुण्यातील 'आयुका' या संस्थेचा सहभाग आहे. अशा नोंदीवरून स्फोटाची वेळ अचूक कळते. त्याचे ठिकाण निश्चित करण्यासाठी मात्र इतर दुर्बिणींची गरज भासते.

पत्त्यावरून काय कळते?

पत्त्याचे महत्त्व किती असते, याचा धडा १९९७ मध्ये मिळाला. गॅमा किरण स्फोट १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदले जात होते. परंतु ते आपल्याच आकाशगंगेच्या परिसरात घडतात की अतिदूरच्या दीर्घिकांत, हा वाद सुमारे तीस वर्षे मिटला नव्हता. ८ मे १९९७ रोजी झालेल्या एका स्फोटानंतर मागे रेंगाळणारी दीप्ती दृश्य प्रकाशात सापडली. हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने तिचा वर्णपट घेतला, तेव्हा तो प्रकाश किमान सात अब्ज वर्षे प्रवास करून आल्याचे दिसले आणि वादावर पडदा पडला. हा वर्णपट घेणाऱ्या चमूत श्रीनिवास कुलकर्णी होते. १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेल्या कुलकर्णी यांनी पुढे पालोमार येथून आकाशातील क्षणिक घटना हेरणारे प्रकल्प उभारले. या क्षेत्रातील कार्यासाठी २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना देण्यात आला.

अंतर ही पत्त्यावरून मिळणारी पहिली माहिती होय. अंतर कळले की स्फोटातून किती ऊर्जा बाहेर पडली, याचे गणित करता येते. दुसरी माहिती परिसराच्या वयाची. महाकाय तारे अल्पायुषी असतात. काही दशलक्ष वर्षांतच ते नष्ट होत असल्याने जन्मस्थानापासून दूर जाण्यास त्यांना अवधी मिळत नाही. त्यामुळे एखादा स्फोट नवे तारे जन्मत असलेल्या निळसर भागात झाला, तर संशय महाकाय ताऱ्यावर जातो. तोच स्फोट वृद्ध ताऱ्यांच्या, वायू जवळजवळ संपलेल्या दीर्घिकेत झाला, तर कारण निराळे शोधावे लागते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी याचा ठळक प्रत्यय आला. त्या दिवशी अमेरिकेतील 'लायगो' आणि इटलीतील 'व्हर्गो' यांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. तीन ठिकाणच्या नोंदींमुळे आकाशातील शोधाचा टापू सुमारे तीस चौरस अंशांपर्यंत आटोपला आणि सुमारे अकरा तासांत घटनेचा पत्ता सापडला. तो होता तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील 'एनजीसी ४९९३' ही दीर्घिका. तिच्यात वृद्ध ताऱ्यांचे प्राबल्य आहे आणि नवे तारे फारसे जन्मत नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी एकमेकांभोवती फिरत जवळ येऊन मिळण्यास प्रदीर्घ काळ लागू शकतो, या अपेक्षेशी हे घर जुळणारे होते. या घटनेची मागे उरलेली दीप्ती पुढे कमी वारंवारितेच्या रेडिओ लहरींत जीएमआरटीनेही टिपली.

खोडदची दुर्बीण काय पाहते?

जीएमआरटी जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या संकल्पनेतून ती साकारली आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या दुर्बिणीत आहेत. त्यांपैकी चौदा मध्यभागी दाटीने, सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या सोळा इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. तबकड्यांकडून येणारे संकेत प्रकाशीय तंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत आणून एकत्र केले जातात. दुर्बिणीचे संचालन करणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे 'एनसीआरए'चे, मुख्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे.

या मांडणीचा एक फायदा येथे विशेष महत्त्वाचा आहे. मधल्या दाट तबकड्यांच्या नोंदींवर भर दिला की दीर्घिकेचे ढोबळ पण संपूर्ण चित्र मिळते. दूरच्या तबकड्यांच्या नोंदी धरल्या की त्याच निरीक्षणांतून बारीक तपशील उमटतो. सिंहगडावरून पाहिल्यास धायरी हा घरांचा एक सलग ठिपका दिसतो. धायरीतील धारेश्वर मंदिराच्या परिसरातून पाहिले, तर तीच वस्ती गल्ल्या, मोकळ्या जागा आणि इमारतींत उलगडते. दोन्ही दृश्ये खरी असतात. प्रश्न कोणता विचारायचा आहे, यावर त्यांचा उपयोग ठरतो.

दृश्य प्रकाशातील दुर्बिणी मुख्यतः तारे दाखवतात. जीएमआरटी ताऱ्यांचा कच्चा माल दाखवते. अणुरूप हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या, रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. त्या लहरींवरून दीर्घिकेत वायू किती आहे, कोठे साचला आहे आणि कोणत्या वेगाने फिरत आहे, याचा नकाशा काढता येतो. वायूचा नकाशा म्हणजे दीर्घिकेचा पूर्वेतिहास होय. दोन दीर्घिकांची टक्कर झाली असेल, तर ताऱ्यांच्या रचनेत ती दिसली नाही तरी विस्कटलेल्या वायूत तिच्या खुणा पुष्कळ काळ राहतात.

अशा खुणांचे एक उदाहरण २५ एप्रिल १९९८ च्या गॅमा किरण स्फोटाचे आहे. गॅमा किरण स्फोट आणि अतिनवतारा यांचा संबंध प्रथम दाखवून देणारी हीच घटना. तिची यजमान दीर्घिका सुमारे बारा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. मरियम अरबसलमानी आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीने तिच्यातील वायूचा वेध घेतला, तेव्हा तो अस्ताव्यस्त आढळला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुढील अभ्यासात एक लहान शेजारी दीर्घिका हिच्या मध्यातून आरपार गेल्याने वायूचे कडे तयार झाले असावे, असा निष्कर्ष मांडण्यात आला. पाण्यात दगड पडल्यावर वलय उमटावे, तसे हे कडे बाहेर पसरते. त्यात वायू दाबला जातो आणि महाकाय तारे जन्म घेतात.

एक स्फोट, दोन निष्कर्ष

१६ जून २०१८ रोजी हवाई बेटांवरील 'ॲटलास' या टेहळणी दुर्बिणीला शौरी तारकासमूहात एक नवा तेजोबिंदू आढळला. नामकरणाच्या नियमानुसार आपोआप मिळालेल्या अक्षरांमुळे त्याचे नाव 'एटी २०१८ काऊ' असे झाले आणि जगभर तो 'काऊ', म्हणजे गाय, म्हणूनच ओळखला जाऊ लागला. सुमारे वीस कोटी प्रकाशवर्षांवरील 'सीजीसीजी १३७-०६८' या लहान दीर्घिकेतील हा स्फोट नेहमीच्या अतिनवताऱ्याच्या दहापट ते शंभरपट तेजस्वी होता. त्याचे तेज काही दिवसांतच शिगेला पोहोचले आणि तितक्याच त्वरेने ओसरू लागले. साध्या अतिनवताऱ्याला शिगेला पोहोचण्यास काही आठवडे लागतात. महाकाय तारा कोसळून कृष्णविवर अथवा न्यूट्रॉन तारा जन्मला, की एखाद्या कृष्णविवराने तारा फाडून टाकला, याविषयी तर्कवितर्क सुरू झाले.

पुण्यावर त्या दिवसांत पावसाळी ढग होते. परंतु रेडिओ लहरींना ढगांचा अडथळा होत नाही. २७ ऑगस्ट २०१८ च्या जीएमआरटीच्या निरीक्षणात हा स्फोट रेडिओ लहरींत स्पष्ट दिसला. एनसीआरएशी संबंधित नयना ए. जे. आणि पूनम चंद्रा यांनी कमी वारंवारितांवर त्याचा दीड वर्षाहून अधिक काळ पाठपुरावा केला. स्फोटाची आघातलाट प्रकाशाच्या वेगाच्या वीस टक्क्यांहून अधिक गतीने धावत असल्याचे त्यावरून दिसले.

दरम्यान दोन गटांनी जीएमआरटीनेच यजमान दीर्घिकेतील हायड्रोजनचे वेध घेतले. संबित रॉयचौधुरी, मरियम अरबसलमानी आणि एनसीआरएतील निस्सीम काणेकर यांच्या गटाला तेथे सूर्याच्या सहासष्ट कोटी पट वस्तुमानाचा अणुरूप हायड्रोजन आढळला. ढोबळ चित्रात हा वायू एखाद्या तबकडीसारखा, बऱ्याच अंशी नियमित फिरताना दिसत होता. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या सूक्ष्म चित्रात मात्र सर्वाधिक घनतेचा वायू मध्यभागाभोवती असमतोल कड्याच्या रूपात साचलेला होता, आणि स्फोटाचे स्थान याच कड्यात होते. असे कडे शेजारी दीर्घिकेशी झालेल्या आंतरक्रियेतून निर्माण होऊ शकते आणि त्यात महाकाय तारे जन्मण्यास अनुकूल परिस्थिती असते. त्यामुळे स्फोट महाकाय ताऱ्याचा असावा, या बाजूला त्यांचे मत झुकले.

पोलंडमधील मिहाऊव्स्की आणि सहकाऱ्यांनी याच्या नेमका विरुद्ध निष्कर्ष मांडला. स्फोटाच्या जागेपाशी वायूचा कोणताही असाधारण साठा नाही. वायूचे वितरण इतर गॅमा किरण स्फोटांच्या यजमान दीर्घिकांपेक्षा कितीतरी सुघड आहे. दीर्घिकेतील ताऱ्यांच्या निर्मितीचा सुमारे एक तृतीयांश वाटा असलेला प्रदेश स्फोटापासून दूर, मधल्या दांड्याच्या ईशान्य टोकाकडे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते कडे शेजाऱ्याच्या धडकेने झालेले नसून दीर्घिकेच्या अंतर्गत रचनेतून, विशेषतः मधल्या दांड्यामुळे, बनले असावे, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांच्या मते मूळ तारा महाकाय असलाच पाहिजे, असे नाही.

या मतभेदात दोन्ही गटांचे वेध सारखेच विश्वासार्ह आहेत. दोघांना कड्याचे अस्तित्व मान्य आहे. वाद आहे तो त्या कड्याच्या उगमाचा आणि स्फोटाची जागा त्यात असणे हा योगायोग मानावा की पुरावा, याचा. एकाच घराच्या झडतीवरून त्याचा निकाल लागत नाही. त्यासाठी तशा आणखी स्फोटांची घरे पाहावी लागतात.

पुढचे पुरावे

पुढील काळात काही पुरावे आले, पण ते एकाच दिशेने नेणारे नाहीत. २०२१ च्या अखेरीस धीरज पाशम आणि सहकाऱ्यांनी 'काऊ'च्या क्ष-किरणांत दर ४.४ मिलिसेकंदांनी होणारी स्पंदने असल्याचे दाखवले. इतक्या जलद स्पंदनांचा उगम अतिशय लहान आणि घन वस्तूतच असू शकतो. त्यामुळे तेथे न्यूट्रॉन तारा अथवा कृष्णविवर असल्याच्या मताला बळ मिळाले आणि दीर्घिकांच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवरांचा पर्याय मागे पडला. २०२३ मध्ये याच जातीचा आणखी एक स्फोट हबल दुर्बिणीने पाहिला. तो कोणत्याही दीर्घिकेच्या आत नव्हता. एका सर्पिल दीर्घिकेपासून सुमारे पन्नास हजार आणि एका लहान दीर्घिकेपासून सुमारे पंधरा हजार प्रकाशवर्षांवर तो घडला होता. महाकाय तारा जन्मस्थानापासून इतका दूर जाऊन मरणे अवघड, म्हणून या पत्त्याने महाकाय ताऱ्याच्या कल्पनेपुढे नवे कोडे उभे केले. उलट २०२४ मध्ये आढळलेल्या अशाच एका प्रखर स्फोटावरील २०२५ मधील अभ्यासांत, कृष्णविवराने आपल्या जोडीदार महाकाय ताऱ्याला फाडले असावे, असे मत मांडले गेले. या स्फोटांची एकच जात आहे की दिसायला सारख्या अनेक जाती आहेत, हाही प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

जलद रेडिओ स्फोटांच्या बाबतीत वायूच्या नकाशाने अधिक सुस्पष्ट दिशा दाखवली आहे. कॅनडातील 'चाइम' दुर्बिणीला १६ सप्टेंबर २०१८ रोजी आढळलेला एक स्रोत वारंवार स्फोट करतो आणि त्याच्या सक्रियतेचे चक्र सुमारे १६.३५ दिवसांचे आहे. युरोपीय रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने २०२० मध्ये त्याचा पत्ता सुमारे पन्नास कोटी प्रकाशवर्षांवरील एका सर्पिल दीर्घिकेच्या कडेला निश्चित केला. त्याच वर्षी जीएमआरटीने या स्रोताचे पंधरा स्फोट टिपल्याचे प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये बलप्रीत कौर, निस्सीम काणेकर आणि झेव्हियर प्रोचास्का यांनी त्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा नकाशा सादर केला. ताऱ्यांची निर्मिती जवळजवळ थंडावलेल्या या दीर्घिकेत वायू मात्र मुबलक होता. त्याला ईशान्येकडे एक शेपटी फुटलेली होती आणि स्फोटाच्या जागेपाशी तो दाटलेला होता. अलीकडेच एखादी लहान दीर्घिका तिच्यात विलीन झाली असावी, त्या धक्क्याने कडेला ताऱ्यांची एक नवी पिढी जन्मली असावी आणि रेडिओ स्फोटांचा उगम त्या पिढीतील महाकाय ताऱ्यात असावा, असे अनुमान त्यांनी काढले.

शांततेची गरज

वीस कोटी प्रकाशवर्षांवरून येणारे हे संकेत कमालीचे क्षीण असतात. भ्रमणध्वनीचे मनोरे, विजेच्या वाहिन्यांवरील ठिणग्या, वाहने आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या यांतून होणारा रेडिओ गोंगाट त्यांना सहज बुडवू शकतो. शहरापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा दुर्बिणीसाठी निवडली गेली, त्यामागे हेही एक कारण होते. प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेमार्गाने दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, असा आक्षेप घेण्यात आला आणि त्या मार्गाचा फेरविचार करावा लागला. जुन्नर, आंबेगाव परिसरातील गावांना रेल्वे हवी आहे आणि खगोलशास्त्राला शांतता. हा पेच सोपा नाही. एका बाजूला प्रवाशांची सोय मोजता येते. दुसऱ्या बाजूला जे संकेत गोंगाटात हरवतील, त्यांची मोजदाद कधीच होणार नाही.

घटनांची संख्या यापुढे झपाट्याने वाढणार आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नियोजित दहा वर्षांच्या सर्वेक्षणात एकेका रात्री आकाशातील लाखो बदल नोंदले जाणे अपेक्षित आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तो कार्यान्वित झाल्यावर गुरुत्वीय लहरींचा उगम आकाशात अधिक नेमकेपणाने निश्चित करता येईल. इशारे भरपूर मिळतील. प्रत्येकाच्या घराची झडती घेण्यास पुरेसा वेळ कोणत्याच दुर्बिणीकडे नसेल. त्यामुळे कोणत्या स्फोटामागे जायचे, याची निवड हाच मोठा निर्णय ठरेल.

'काऊ' आता विझला आहे. धायरीच्या आकाशात जूनमधील ढग पांगले, तर शौरी रात्री उंचावर येतो; ती लहान दीर्घिका मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. तिच्यातील वायूचे कडे तेथेच आहे. अधिक संवेदनशील दुर्बिणींनी ते पुन्हा पाहता येईल, त्यातील वायूची गती मोजता येईल आणि शेजारी दीर्घिकेने धडक दिली होती की नाही, हा प्रश्न पुन्हा तपासता येईल. ज्या स्फोटाने हा वाद उभा केला, त्याचा प्रकाश परत मिळणार नाही. उत्तर शोधण्याची जागा मात्र अद्याप शाबूत आहे.